चष्मेकाकांचा हिरवा दिवा

चष्मेकाकांना नोकरीवरून मी काढलं. चुकून काढलं हे खरं, पण काढलं मीच, आणि तेही एका हाताने. दुसऱ्या हातात चहाचा कप होता. काढून झाल्यावर मी कप विसळून ठेवला आणि थोडा वेळ आडवा झालो. त्या आठवड्यात इतकं निवांत काम मी दुसरं केलं नव्हतं.

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी आमची कंपनी सांगावी लागेल. आम्ही चष्म्याच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. गिऱ्हाइकाचा नंबर काय, फ्रेम कुठली, काच कुठून मागवली आणि ती कधी येणार, हे दुकानदाराला एका पडद्यावर दिसावं एवढंच त्याचं काम. ते कधी दिसतं, कधी दिसत नाही. कंपनीला ऑफिस नाही. पन्नास-साठ माणसं आपापल्या घरी बसून काम करतात. कुणी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसतं, कुणी गच्चीच्या जिन्यात, आणि मी बहिणीच्या शिवणयंत्राच्या टेबलाशी. यंत्र आत दुमडलेलं असतं, पण खालचा पायटा तसाच आहे, आणि मीटिंगमध्ये वरिष्ठ बोलायला लागले की माझा पाय आपोआप तो चालवायला लागतो. आई म्हणते, इतकी वर्षं पायटा मारतोयस, एव्हाना दोन परकर तरी शिवून झाले असते.

ज्याचं खातं चालू असेल त्याच्या नावापुढे पडद्यावर हिरवा ठिपका दिसतो. त्याला आम्ही दिवा म्हणतो. दिवा लागला की माणूस कामावर आला. आणि एखाद्याचा दिवा कायमचा गेला की त्याची नोकरी गेली. असं आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही. सकाळी पासवर्ड टाकायचा, तो चालत नाही, पुन्हा टाकायचा, पुन्हा चालत नाही, आणि मग समजून घ्यायचं. निरोप नाही, पत्र नाही, फोन नाही. निरोप दिल्याने मागे उरलेल्यांचं मन खचतं, असं आमच्या मालकांचं मत आहे. त्यामुळे मागे उरलेले आम्ही एकमेकांना हळूच लिहितो, 'त्या डिझाइनवाल्याचा दिवा गेला म्हणे,' आणि लिहिता लिहिता आपला स्वतःचा लागलाय ना ते बघून घेतो.

मालकांना मालक म्हटलेलं चालत नाही. ते कॅप्टन. कंपनी म्हणजे जहाज आणि आम्ही खलाशी. दर सोमवारी कॅप्टन एक लांबलचक निरोप पाठवून जहाजाची दिशा बदलतात. एका सोमवारी आपण फक्त मोठ्या दुकानांकडे निघालेलो असतो, पुढच्या सोमवारी छोटी दुकानं हाच आपला प्राण असतो. निम्म्या खलाशांचं वाचून होईपर्यंत तिसरा सोमवार उजाडतो, त्यामुळे जहाज मोठ्या निर्धाराने जागच्या जागी राहतं. लोक उंटावरून शेळ्या हाकतात. आमच्याकडे ते काम समुद्रातून चालतं.

तर एका सोमवारी दिशा निघाली काटकसरीची. प्रत्येक चालू खात्यामागे कंपनीला दरमहा काहीतरी भरावं लागतं. तेव्हा जी माणसं गेली त्यांची खाती ताबडतोब बंद करावीत. खाती, पासवर्ड आणि लॅपटॉप सांभाळणं हे माझं काम. मी ताईंना विचारलं, गेलेली माणसं कोणकोणती? ताई म्हणजे आमचा माणसांचा विभाग. विभागात त्या एकट्याच. त्यांच्याकडे तशी यादी नव्हती. जाणाऱ्याला सांगायचं नाही म्हटल्यावर ते लिहून तरी कोण ठेवणार? शेवटी ताईंनी तोड काढली. सगळ्यांच्या गप्पांची जी मोठी खोली आहे, तिथे महिनाभर ज्याने एक शब्द लिहिला नाही, तो गेला असं समज. निरोपापुढे जोडलेल्या हातांचं आणि एका फुलाचं चित्र.

तोड सोपी होती, मला आवडली. माणूस शेवटचा आत कधी आला होता, हे दाखवणारा रकाना त्याच पानावर शेजारी होता. मी तिकडे पाहिलं नाही. नियम ताईंचा, मग डोकं माझं कशाला? दहा-बारा खाती बंद केली. त्यातलं एक चष्मेकाकांचं होतं. खात्यावर त्यांचं कागदावरचं नाव होतं, आद्याक्षर आणि आडनाव, आणि ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. चार वर्षं ज्यांच्याशी बोललो त्यांना मी चष्मेकाका म्हणूनच ओळखत होतो. सगळेच तसं ओळखत होते.

काकांना स्वतःला चष्मा नव्हता. पन्नाशी जवळ आलेली, पण नजर घारीसारखी. एका चष्म्याच्या दुकानात त्यांनी वीसेक वर्षं काउंटरमागे काढली होती. ते दुकान आमचं गिऱ्हाईक होतं, आणि आमच्या सॉफ्टवेअरबद्दल सगळ्यात जास्त तक्रारी त्याच दुकानातून यायच्या, म्हणजे काकांकडून. दुकानाला टाळं लागलं तेव्हा त्यांनी शेवटचा फोन केला तो सांगायला, की आता उद्यापासून तुम्हाला माझा त्रास नाही. त्या वेळी तक्रारींचा विभाग सांभाळणारा माणूस विनोदी होता. दीडेक महिन्याने त्याने उलटा फोन केला आणि म्हणाला, इतकी वर्षं फुकट भांडलात, आता पगार घेऊन भांडा. त्या माणसाचा दिवा पुढे कधीतरी गेला. काका राहिले.

त्यांचं काम दुकानदारांचे फोन घेणं. कंपनीचा मदतीचा नंबर आहे, पण त्यावर आधी बासरी वाजते, मग एक बाई एक दाबा, दोन दाबा म्हणते, आणि काहीही दाबलं तरी पुन्हा बासरी वाजते. म्हणून दुकानदार थेट काकांच्या मोबाइलवर यायचे. डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला गेलाय, गिऱ्हाईक समोर उभं आहे, काय करू? काका आधी म्हणायचे, गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची द्या, मग आपण डोळ्यांचं बघू. घरातल्या ज्या चिंचोळ्या खोलीत ते बसायचे तिथेच कपडे धुण्याचं यंत्र होतं. मीटिंग रंगात आली की मागे यंत्र पिळायला लागायचं, त्यांचा कॅमेरा थरथरायचा, आणि आम्ही म्हणायचो, काकांचं विमान उडालं. ते शांतपणे म्हणायचे, "पट्टे बांधा रे." मोठ्या खोलीत त्यांनी कधी एक ओळ लिहिली नाही. दिवसभर कानाला फोन असलेला माणूस लिहिणार कधी, आणि लिहिणार काय? तिथे लोक एकमेकांना शाबासक्या देत असतात.

खातं बंद झाल्याचं कुणालाच कळलं नाही. मला नाही, ताईंना नाही, काकांच्या विभागाला तर नाहीच, कारण विभागप्रमुख गेल्यापासून ते कुणाच्या हाताखाली होते हे कुठे ठरलेलंच नव्हतं. पगार काढणारी मंडळी वेगळी. त्यांना खात्यांचं कोणी सांगत नाही, म्हणून महिना भरला तसा काकांचा पगारही जमा झाला. जहाज चालू होतं.

मला कळलं ते एका उलट्या पावतीमुळे. एका दुकानदाराच्या छपाईयंत्रातून पावती डोकं खाली पाय वर करून निघत होती. असलं काही आलं की काकांना विचारायचं, हा आमचा रिवाज. त्यांचा दिवा शोधला, तर नाही. वाटलं, यंत्र पिळतंय, खोलीबाहेर गेले असतील. दुपारी पुन्हा पाहिलं. मग जुना एक निरोप उघडून त्यांच्या नावावर टिचकी मारली. खातं बंद. बंद करणारा: मी. तारीख गेल्या महिन्याची.

पायटा थांबला. आई आतून म्हणाली, "काय रे, वीज गेली का?"

काकांचा मोबाइल नंबर मला त्या उलट्या पावतीवाल्यानेच दिला. त्याच्याकडे होता, माझ्याकडे नव्हता. चार वर्षांत लागला नव्हता. दुकानदार वर म्हणाला, काकांना सकाळीच फोन झाला, ते बघतो म्हणालेत. तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

फोन एका बाईंनी उचलला. "ते मीटिंगमध्ये आहेत. काय निरोप देऊ?"

मी म्हटलं, सांगा, ऑफिसातून फोन होता.

"ऑफिसातून? मग तुम्ही नाही का मीटिंगमध्ये?"

"ती दुसरी मीटिंग आहे, काकू," मी म्हणालो. खोटं बोलायला मला आजवर कधी फार वेळ लागलेला नाही.

थोड्या वेळाने काकांचा फोन आला. आवाज घुमत होता. ते जिन्यात उतरून आले होते. पहिलं वाक्य त्यांनी हळू टाकलं, "घरी काही बोलला नाहीस ना?"

मग सगळं बाहेर आलं. एका सकाळी पासवर्ड चालला नाही. त्यांनी तो तीनदा टाकला आणि समजले. वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. पुढे पगार जमा झाला तो त्यांना शेवटचा हिशेब वाटला. चार वर्षांत इतक्यांचे दिवे जाताना पाहिले होते. घरी मात्र तोंड उघडेना. जुनं दुकान बंद पडलं, तेव्हा ते काकूंना महिनाभर कळू दिलं नव्हतं. डबा घेऊन निघायचे आणि बागेत बसून परत यायचे. काकूंना ते बाजारात एका ओळखीच्या बाईकडून कळलं. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या होत्या, पुन्हा असं झालं तर मला सगळ्यात आधी सांगायचं, सगळ्यात शेवटी नाही. काकांनी शब्द दिला होता. आणि आता ते रोज सकाळी त्या चिंचोळ्या खोलीचं दार लावून बंद लॅपटॉपपुढे बसत होते. वेळ जायचा प्रश्न नव्हता. दुकानदारांना कुठे माहीत होतं त्यांचा दिवा गेलाय ते? फोन येत होते, काका उत्तरं देत होते.

मी विचारलं, "पण काका, कुणाला तरी विचारायचं ना, का काढलं म्हणून?"

"कुणाला विचारू? विचारायची खिडकीच त्या दिव्याबरोबर गेली. तुमच्यापैकी एकाचा तरी नंबर आहे माझ्याकडे?" मग म्हणाले, "आणि खरं सांगू, विचारलं असतं तर कुणीतरी कारण सांगितलं असतं."

मी कारण सांगितलं. तुम्ही मोठ्या खोलीत लिहीत नाही, म्हणून मी तुमचं खातं बंद केलं. तुम्हाला कुणीही काढलेलं नाही. माझ्याकडून चुकलं.

मग ते हसायला लागले. जिन्यात एकटा माणूस मोठ्याने हसला की कसं वाटतं ते तुम्हाला माहीत असेल. वरच्या मजल्यावरून कुणीतरी कोण आहे म्हणून विचारलं. "अरे गाढवा," ते म्हणाले, "म्हणजे मी अजून नोकरीवर आहे?"

"आहात. उद्या दिवा लावतो."

आता इथे जे झालं ते नीट सांगतो, कारण पहिल्या चुकीपेक्षा ही मोठी. खातं पुन्हा चालू करणं हे एका टिचकीचं काम. न बोलता ती मारली असती, तर आजही काकांचं विमान उडत असतं. पण मला भीती वाटली. उद्या कुणी विचारलं, हे खातं मध्येच बंद का होतं, तर? आपली चूक आपणच आधी सांगितलेली बरी; वर नाव होईल, पोरगा प्रामाणिक आहे. म्हणून मी कॅप्टनना रीतसर लिहिलं, नजरचुकीने एक चालू खातं बंद झालं आहे, सुरू करण्याची परवानगी असावी. आमच्याकडे याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. माझा हात होता. अवलक्षण काकांच्या वाट्याला गेलं.

परवानगीऐवजी मीटिंग आली. कॅप्टन, ताई आणि मी. कॅप्टन मीटिंग चालत घेतात, म्हणजे त्यांच्या घरी पायांखाली सरकणारा पट्टा आहे, त्याच्यावर. चेहरा वरखाली होत असतो आणि वाक्याच्या मध्ये धाप लागते. त्यांनी एक आलेख उघडला. काकांचं खातं बंद झालं त्याच सुमारास एका सोमवारी नवं उत्तरयंत्र बसवलं होतं, जे दुकानदाराच्या प्रश्नाला आपोआप उत्तर लिहितं, आणि त्या सोमवारपासून तक्रारींची रेघ खाली उतरत गेली होती. निम्म्यावर आली होती.

"हे गृहस्थ नसताना," कॅप्टन म्हणाले, "तक्रारी कमी झाल्या. बरोबर?"

सुंठीवाचून खोकला गेल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता. मला तिथे गप्प बसता आलं असतं. पण काकांची बाजू कुणीतरी मांडायला हवी, असं मला वाटलं. मी म्हणालो, तसं नाही सर, दुकानदार अजून काकांच्याच मोबाइलवर फोन करतात. ते घरून, नेहमीसारखी उत्तरं देतायत. पण खातं नसल्याने त्यांना नोंद करता येत नाही, म्हणून तक्रारी आपल्यापर्यंत पोचतच नाहीत.

पट्टा थांबला. चार वर्षांत मी तो पहिल्यांदा थांबलेला पाहिला.

"म्हणजे जो माणूस कंपनीत नाही, तो आपल्या गिऱ्हाइकांशी बोलतोय?"

"ते कंपनीत नाहीत असं नाही सर, खातं माझ्याकडून—"

"खातं बंद आहे ना?"

"आहे, पण—"

"मग नाहीत."

ताईंनी मान डोलावली. त्यांचा आवाज बंद होता. तो चालू करण्यासारखं त्यांना काही वाटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी काकांना पत्र गेलं, आमच्या कंपनीच्या इतिहासातलं पहिलंच. अमुक तारखेपासून तुम्ही सेवेत नाही. ती तारीख मी चहा पीत होतो तीच. त्यानंतर दिलेला पगार कंपनी मोठ्या मनाने परत मागणार नाही. कंपनीच्या ग्राहकांशी यापुढे कोणत्याही प्रकारे संपर्क ठेवू नये, अन्यथा कायदेशीर कारवाई. आणि मोठ्या खोलीत कॅप्टननी माझं कौतुक केलं. एका खलाशाने माहितीची गळती वेळेवर दाखवून दिली म्हणून मला नांगराचं चित्र मिळालं. खाली बावीस जणांनी बदाम टाकले. त्यातल्या निम्म्यांना काकांनीच काम शिकवलं होतं. त्यांना गळती कोण ते माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. मी आभारी आहे असं लिहिलं.

काकांना मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, पत्र मिळालं. मग म्हणाले, "माझं एक चुकलं रे. तुझा फोन आला त्या संध्याकाळी मी हिला सगळं सांगून टाकलं. गंमत म्हणून. म्हटलं, ऐक, काय झालं माहितीय का, तीन आठवडे मी नोकरीवर नव्हतो आणि मलाच माहीत होतं. संकट टळलं होतं ना, म्हणून जीभ सुटली. ती पण हसली. बरंच हसली. आता पुन्हा आत जाऊन सांगायचंय, की ती गंमत नव्हती."

लॅपटॉप परत आणायचं काम माझ्यावर आलं. सामान नीट तपासून घ्यावं, अशी सूचना होती, आणि सगळ्यांत जवळ मीच, म्हणजे बसने चार तासांच्या अंतरावर राहत होतो. गेलो. कंपनीतल्या एका माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा कमरेच्या खाली पाहिलं. काका बुटके होते. इतकी वर्षं मला ते उंच वाटत होते; लॅपटॉप इस्त्रीच्या बुटक्या टेबलावर ठेवलेला असायचा आणि कॅमेरा खालून वर बघायचा, त्याचा तो प्रताप.

तिसरा मजला, जिन्याला अर्धाच कठडा. दार काकूंनी उघडलं. मला वरपासून खालपर्यंत पाहून आत म्हणाल्या, "अहो, हेच का ते?" आणि मग मला, "या. मला वाटलं होतं जरा मोठे असाल."

मला खुर्ची दिली, पाणी दिलं. काका आतल्या खोलीत सामान काढत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर काकूंनी हात वर केला.

"तुम्ही चूक केलीत त्याचा मला राग नाही. रोज कुणी ना कुणी चुकतंच. पण ती सुधारायला कशाला गेलात? पगार येत होता. हे फोनवर बोलत होते. मी मशीन लावत होते. कुणाचं काय बिघडलं होतं?"

मी पेला उचलून सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

"आणि हे," त्या म्हणाल्या, आवाज न चढवता, "परत मला शेवटी. आधी मशीनला कळलं, मग मला."

काका दारात लॅपटॉप घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. लॅपटॉप आणून माझ्यापुढे ठेवला.

मग त्यांचा मोबाइल वाजला. इस्त्रीचं टेबल आता बाहेरच्या खोलीत आलं होतं, तो त्याच्यावरच होता, कापडावर गोल गोल फिरायला लागला. काकांनी वाकून नाव पाहिलं. "कोपऱ्यावरचा दुकानदार आहे. याचं सॉफ्टवेअर सकाळी उघडताना अडकतं. दोन मिनिटं लागतात." ते माझ्याकडे बघत होते. "उचलायचा नाही असं लिहिलंय ना?"

मी हो म्हणालो.

फोन वाजून थांबला. मग पुन्हा वाजला. तो माणूस दुकानात उभा असणार, शटर अर्धं वर, बाहेर एखादं गिऱ्हाईक. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा काकू म्हणाल्या, "बंद तरी करा तो." काकांनी बंद केला नाही. पालथा घातला. पालथा फोन वाजत असताना आम्ही तिघेही त्याच्याकडे पाहत होतो, आणि मला वाटलं आता हे उचलतील. कंपनीचा खलाशी समोर बसला नसता तर उचललाही असता.

"चल, तुझी यादी काढ," काका म्हणाले.

यादीत चार वस्तू होत्या. लॅपटॉप, माउस, कानावर लावायचा हेडफोन आणि चार्जर. पहिल्या तीन झाल्या. चार्जर काकांनी गुंडाळून ठेवला होता, पण काकूंनी तो हातात घेतला. हा कंपनीचा नव्हे, त्या म्हणाल्या. कंपनीचा दोन वर्षांपूर्वी जळला. तीनदा लिहून कळवलं, उत्तर आलं नाही, मग आम्ही आमचा आणला. मुलीच्या लॅपटॉपलाही हाच चालतो, दोघं आळीपाळीने वापरतात. तिची परीक्षा आहे. हा आमचा आहे.

मी ताईंना तिथूनच विचारलं. उत्तर लगेच आलं, हे एक नवलच. चारही वस्तू जमा झाल्याशिवाय शेवटचा हिशेब पूर्ण होणार नाही. मी ते काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी माझा फोन हातात घेऊन स्वतः एकदा वाचलं.

"दे गं," काका म्हणाले.

"बघा हं," काकू मला म्हणाल्या, "मी उसना देतेय. दान नाही देत."

मी शब्द दिला. नोंद झाली की मी स्वतः मागून घेईन आणि आठ दिवसांत पाठवीन. काका मला जिन्यापर्यंत सोडायला आले. कठडा जिथे संपतो तिथे म्हणाले, "सांभाळून उतर, इथे पाय चुकतो." आणखी काही म्हणतील म्हणून मी थांबलो, पण तेवढंच होतं.

कंपनीचं गोदाम म्हणजे कॅप्टनचं गॅरेज. चारही वस्तू तिथे पोचल्या, नोंद झाली, काकांचा हिशेब पूर्ण झाला. त्यानंतर महिन्याभरात तक्रारींची रेघ उलटी वर चढली, आधी होती त्याच्या दीडपट. कोपऱ्यावरच्याने आमचं सॉफ्टवेअर सोडलं, उलट्या पावतीवाल्यानेही. मग एका सोमवारी दिशा निघाली, दुकानदारांशी त्यांच्या भाषेत बोलणारा अनुभवी माणूस ताबडतोब हवा. मी ताईंना काकांचं नाव सुचवलं, या वेळी मुद्दाम खऱ्या नावाने. त्या म्हणाल्या, गेलेल्यांना परत घेत नाही आपण. मी विचारलं, मग त्यांना काढलं का होतं? त्या म्हणाल्या, ते तर तुलाच माहीत.

काका आता एका मोठ्या दुकानात तासांवर उभे असतात, फ्रेम पुसून रांगेत लावतात. तिथे बसायला मनाई आहे. हे मला त्यांनी सांगितलं नाही, एका दुकानदाराने सांगितलं. काका मला फोन करत नाहीत, आणि मी करतो तेव्हा दोन मिनिटांत ठेवतात. आईची विचारपूस मात्र करतात.

चार्जरचं मी चारदा विचारलं. दोनदा ताईंना, एकदा कॅप्टनच्या मदतनिसाला, आणि एकदा धीर करून मीटिंगमध्ये खुद्द कॅप्टनना. ते म्हणाले, कंपनीच्या मालमत्तेत जमा झालेली वस्तू बाहेर द्यायची तर नियम करावा लागेल, आणि यावर विचार करण्यासारखं आहे. अजून विचार चालू असावा. शेवटी मी काकूंना कळवलं, की तसलाच नवा आणून पाठवतो, आजच.

त्यांचं उत्तर आलं. 'तुमचा नको. आमचा घेऊन गेलात तोच द्या.'

हो म्हणून कळवलंय.